बँकॉकमधली आलिशान हॉटेलं: तुलना कशी करावी, क्रम कसा लावावा

बँकॉकमधल्या उत्तम हॉटेलांच्या याद्या चाळल्या तर प्रत्येक यादीत पहिला नंबर वेगळाच दिसतो. याद्या खोट्या असतात असं नाही. एका यादीने नदीकाठचा महागडा सूट पाहिलेला असतो, दुसरीने मॉलला चिकटलेल्या टॉवरमधली सगळ्यात साधी खोली. एकीला बार आवडलेला असतो, दुसरीला स्विमिंग पूल. मग दोघी आपापल्या हॉटेलला गुण देतात आणि वाचणारा गोंधळतो.

म्हणून पहिला नियम असा: हॉटेलला नंबर देऊ नका. ठरावीक तारखांना, ठरावीक प्रकारच्या खोलीला, सगळे कर धरून पडणाऱ्या भाड्यासह नंबर द्या. असा क्रम लावायला एक संध्याकाळ आणि एक साधी स्प्रेडशीट पुरते.

१. आधी नदी की रेल्वे, ते ठरवा

बँकॉकमध्ये हॉटेल निवडताना बहुतेक चुका इथेच होतात. या शहरातली वरच्या दर्जाची हॉटेलं मुख्यतः दोन पट्ट्यांत आहेत आणि दोन्हींतलं राहणं अगदी वेगळं आहे.

पहिला पट्टा चाओ फ्राया नदीचा. पूर्वेच्या काठावर, ताक्सिन पुलाच्या उत्तरेला १८७६ पासूनचं मँडरिन ओरिएंटल आणि पुलाला लागूनच १९८६ मध्ये उघडलेलं शांग्री-ला. पुलाच्या दक्षिणेला एकमेकांशेजारी २०२० मध्ये सुरू झालेली दोन हॉटेलं: १०१ खोल्यांचं कॅपेला आणि २९९ खोल्यांचं फोर सीझन्स. समोरच्या थोनबुरी काठावर १९९८ चं पेनिन्सुला. या सगळ्यांपासून बऱ्याच उत्तरेला, दुसित भागात, २०१२ मध्ये उघडलेलं 'द सियाम'. ते इतकं लहान आहे की खोल्यांची संख्या ४० च्या आत राहते.

दुसरा पट्टा बीटीएस या उन्नत रेल्वेचा. फ्लोएन चित स्टेशनाजवळ रोझवूड, ओकुरा प्रेस्टीज आणि सेंट्रल एम्बसी मॉलच्या इमारतीतलं पार्क हयात. राचादम्री स्टेशनाजवळ सेंट रेजिस, वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया आणि अनंतारा सियाम. सिलोमच्या तोंडाशी, लुम्फिनी पार्कसमोर, दुसित थानी. १९७० चं मूळ हॉटेल २०१९ च्या जानेवारीत बंद झालं आणि त्याच जागी बांधलेलं नवं हॉटेल २०२४ मध्ये उघडलं. त्याच पार्कच्या पलीकडच्या कोपऱ्याला वन बँकॉक संकुलात रिट्झ-कार्लटन. अमान नाई लर्त हे ५२ सूटचं हॉटेल २०२५ मध्ये सुरू झालं. ते याच मध्यवर्ती भागात असलं तरी भाव आणि स्वभाव दोन्ही वेगळे असल्याने त्याला इतरांच्या रांगेत बसवू नये.

आता फरक. नदीकाठच्या हॉटेलातून ग्रँड पॅलेस, वाट फो, वाट अरुण ही ठिकाणं बोटीने सोपी पडतात. सातोर्न धक्क्यावरून उत्तरेकडे जाणारी बोट पकडली की ट्रॅफिकचा प्रश्नच मिटतो. पण सुखुमवितमध्ये जेवायला, सियाम भागात खरेदीला किंवा चातुचाकच्या बाजारात जायचं म्हटलं की आधी हॉटेलची बोट, मग साफान ताक्सिन स्टेशन, मग बहुधा सियाम स्टेशनात गाडी बदलणं, असा प्रवास होतो. एका बाजूला पाऊण तास सहज जातो. रेल्वेपट्ट्यात याच्या उलट. मॉल आणि रेस्टॉरंट हाताशी, पण देवळं पाहायला निघालं की दिवसाचा चांगला तुकडा वाटेत जातो.

पहिल्यांदाच बँकॉकला जाणाऱ्याने नदी निवडावी आणि दुसऱ्या-तिसऱ्यांदा जाणाऱ्याने रेल्वे, हा ढोबळ नियम बऱ्याच अंशी लागू पडतो. पाच रात्रींचा मुक्काम असेल तर तीन रात्री एकीकडे आणि दोन दुसरीकडे, हा पर्याय एकाच हॉटेलात सगळे दिवस काढण्यापेक्षा बहुतेक वेळा चांगला ठरतो. अशा वेळी दोन पट्ट्यांचे दोन स्वतंत्र क्रम लावा. एकाच यादीत दोन्ही मिसळू नका.

२. पुरस्कारांकडे कसं पाहायचं

सुरुवातीची नावं गोळा करायला पुरस्कार उपयोगी असतात, पण कोणता पुरस्कार काय मोजतो ते माहीत हवं. फोर्ब्स ट्रॅव्हल गाइडचे निरीक्षक ओळख न देता राहतात आणि शेकडो ठरलेल्या निकषांवर गुण देतात. त्यात सेवेचं वजन जास्त असतं. 'वर्ल्ड्स ५० बेस्ट हॉटेल्स' ही यादी २०२३ पासून निघते आणि ती जाणकारांच्या मतांवर ठरते. २०२४ मध्ये तिच्यात कॅपेला बँकॉक पहिलं होतं. मिशेलिन आता रेस्टॉरंटांच्या ताऱ्यांसारख्या हॉटेलांना एक ते तीन 'की' देतं. बुकिंग संकेतस्थळांवरचे पाच तारे मात्र क्रम लावायला निरुपयोगी आहेत, कारण या शहरात पंचतारांकित म्हणवणारी हॉटेलं ढिगाने आहेत आणि त्यांच्यातला फरक तारे सांगत नाहीत.

मतांवर ठरणाऱ्या याद्यांत नव्या हॉटेलांना झुकतं माप मिळतं, हेही ध्यानात ठेवा. मत देणारे लोक नवं उघडलेलं पाहायला जातात. पंचवीस वर्षं नीट चाललेल्या हॉटेलाबद्दल नव्याने सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून ते मागे पडतं. राहणाऱ्याच्या दृष्टीने ते मागे असेलच असं नाही.

दोन-तीन स्रोतांतून आठ ते दहा नावं काढा. त्याहून जास्त नकोत.

३. खोलीची तुलना खोलीशीच

'डिलक्स' हा शब्द ऐकून फसायचं नाही. बऱ्याच हॉटेलांत 'डिलक्स' म्हणजे सगळ्यात खालचा प्रकार. 'प्रीमियर', 'ग्रँड', 'एक्झिक्युटिव्ह' या नावांनाही ठरलेला अर्थ नाही. म्हणून नाव बाजूला ठेवून चार गोष्टी लिहून काढा: क्षेत्रफळ, मजला, खिडकीतून काय दिसतं, आणि खोलीचं शेवटचं नूतनीकरण कधी झालं.

क्षेत्रफळ. बँकॉकच्या या दर्जाच्या हॉटेलांत सगळ्यात साधी खोलीही साधारण ४० ते ६० चौरस मीटर असते, म्हणजे हाँगकाँग किंवा टोकियोच्या मानाने प्रशस्त. पण या आकड्यात बाथरूम धरलेलं असतं आणि काही ठिकाणी बाल्कनीसुद्धा. ५० मीटरच्या खोलीत १५ मीटर बाथरूम आणि ६ मीटर बाल्कनी असेल तर वावरायला ४० मीटरच्या खोलीएवढीच जागा उरते. हॉटेलच्या संकेतस्थळावर खोलीचा आराखडा असेल तर तो पाहा. नसेल तर पाहुण्यांनी काढलेला दारातून आतला फोटो शोधा. दोन मोठ्या बॅगा उघड्या ठेवायला जागा आहे का, हा प्रश्न आकड्यापेक्षा जास्त कामाचा.

दृश्य. नदीकाठच्या हॉटेलांत 'रिव्हर व्ह्यू' आणि 'पार्शल रिव्हर व्ह्यू' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात बाल्कनीच्या कडेला जाऊन मान वळवल्यावर पाणी दिसतं. पेनिन्सुलाची इमारत इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराची असल्याने तिथे प्रत्येक खोलीतून नदी दिसते, म्हणून सगळ्यात स्वस्त प्रकार घेतला तरी फसगत होत नाही. कॅपेलातही सगळ्या खोल्या नदीकडे तोंड करून आहेत. मँडरिन ओरिएंटल आणि शांग्री-ला इथे मात्र वेगवेगळ्या काळात बांधलेल्या विंग आहेत. शांग्री-लाची क्रुंगथेप विंग आणि मुख्य शांग्री-ला विंग ही जवळजवळ दोन हॉटेलं समजावीत. मँडरिनची नदीकडची विंग २०१९ मध्ये पूर्ण नवी केली गेली. विंगचं नाव न पाहता केलेली तुलना फुकट जाते.

दिशा ही गोष्ट जवळजवळ कुणी पाहत नाही, आणि या शहरात ती फार जाणवते. पूर्वकाठच्या हॉटेलांच्या नदीकडच्या खिडक्या ढोबळमानाने पश्चिमेकडे उघडतात. सूर्यास्त सुरेख दिसतो, पण मार्च ते मे या काळात दुपारी तीननंतर काच तापते आणि पडदे ओढून बसावं लागतं. पेनिन्सुला पश्चिमकाठावर असल्याने तिथे उलट: सकाळचं ऊन, दुपारी सावली आणि रात्री समोर शहराचे दिवे. उन्हाळ्यात दुपारी खोलीत विश्रांती घ्यायची सवय असेल तर हा फरक पूलच्या लांबीपेक्षा महत्त्वाचा आहे.

आवाज. नदीवर दिवसा लांब शेपटाच्या बोटी धावतात, त्यांची इंजिनं कर्कश असतात. संध्याकाळी जेवणाच्या क्रूझ बोटी संगीत लावून जातात. त्यामुळे खालच्या मजल्यावरची बाल्कनीवाली खोली फोटोत जितकी शांत दिसते तितकी नसते. रेल्वेपट्ट्यात गाड्या सुमारे मध्यरात्रीपर्यंत चालतात, पण चांगल्या काचांमुळे त्यांचा त्रास सहसा होत नाही. तिथे खरा त्रास शेजारच्या प्लॉटवरच्या बांधकामाचा. आणि दोन्हीकडे सारखा असलेला एक शत्रू आहे: शेजारच्या खोलीत उघडणारं आतलं दार. भिंत कितीही जाड असो, त्या दारातून बोलणं ऐकू येतं. असं दार नसलेली खोली मागता येते, आणि मागावीच.

४. खरं भाडं काढा

थायलंडमध्ये आलिशान हॉटेलांचे भाव बरेचदा '++' लावून सांगतात. पहिल्या अधिक चिन्हाचा अर्थ १० टक्के सेवा शुल्क, दुसऱ्याचा ७ टक्के व्हॅट. व्हॅट हा सेवा शुल्क मिळवल्यानंतरच्या रकमेवर लागतो, म्हणून एकूण वाढ १७ नाही तर १७.७ टक्के होते. १०,००० बाट++ म्हणजे ११,७७० बाट. काही संकेतस्थळं कर धरून भाव दाखवतात, काही शेवटच्या पानावर मिळवतात. दोन टॅब उघडून आकडे शेजारी ठेवणाऱ्याची इथेच गफलत होते.

एक उदाहरण घेऊ. पहिलं हॉटेल रात्रीला १४,००० बाट++ सांगतं, न्याहारीशिवाय. दुसरं १७,५०० बाट सांगतं, कर आणि दोघांची न्याहारी धरून. वरवर पाहता पहिलं साडेतीन हजारांनी स्वस्त. हिशोब केला तर १४,००० चे १६,४७८ होतात. न्याहारी माणशी १,२००++ असेल तर दोघांचे २,८२५. एकूण १९,३०३ बाट. म्हणजे 'महाग' हॉटेल रोज १,८०० बाटने स्वस्त निघालं.

याशिवाय हे तपासा:

- रद्द करण्याची मुदत. परत न मिळणारा भाव आणि लवचिक भाव यांची एकमेकांशी तुलना करू नका. सगळ्या हॉटेलांचे लवचिक भाव घ्या, मग वाटल्यास शेवटी एकाचा पक्का भाव पाहा.
- तिसऱ्या माणसाचं किंवा मुलाचं भाडं. मुलांसाठीची वयोमर्यादा हॉटेलागणिक बदलते, आणि जादा पलंगाच्या भाड्यात न्याहारी असेलच असं नाही.
- ३१ डिसेंबर. वर्षअखेरीला अनेक हॉटेलं सक्तीचं गाला डिनर लावतात. त्याची रक्कम खोलीच्या भाड्यात दिसत नाही, अटींमध्ये खाली लिहिलेली असते आणि ती माणशी असते.
- उशिरा खोली सोडणं. परतीचं विमान रात्रीचं असेल तर दुपारी चारपर्यंत खोली मिळणं हा मोठा फायदा. अमेरिकन एक्स्प्रेसच्या फाइन हॉटेल्स अँड रिसॉर्ट्स योजनेत तो हमखास मिळतो, सोबत रोज दोघांची न्याहारी आणि हॉटेलात खर्च करायला १०० डॉलरचं क्रेडिट. व्हर्चुओसो जाळ्यातल्या एजंटांकडूनही असेच फायदे मिळतात, पण तिथे चार वाजेपर्यंतची हमी सगळीकडे नसते.

हॉटेल-साखळ्यांच्या सदस्यत्वाचे पॉइंट जमवणाऱ्यांसाठी: सेंट रेजिस आणि रिट्झ-कार्लटन मॅरियटकडे, पार्क हयात हयातकडे, वॉल्डॉर्फ हिल्टनकडे. फोर सीझन्स आणि पेनिन्सुला पॉइंट देत नाहीत, तिथे एजंटकडून मिळणारे फायदेच कामाचे.

खाणंपिणं दरातच धरलेल्या क्लब लाउंजचा जादा दर द्यावा का? मद्य घेणाऱ्यांसाठी अनेकदा हो, कारण थायलंडमध्ये मद्यावर कर जबर आहे आणि या हॉटेलांच्या बारमध्ये कॉकटेलला काही शे बाट++ सहज लागतात. न घेणाऱ्यांसाठी क्वचितच.

५. दारापासून फलाटापर्यंत किती मिनिटं

नकाशावरचं अंतर इथे फसवं असतं. ४०० मीटर अंतर एप्रिलच्या दुपारी, पदपथ उखडलेला असताना, दोन मुलं घेऊन चालणं म्हणजे टॅक्सीच करणं. म्हणून अंतराऐवजी तीन प्रश्न विचारा. स्टेशनाला थेट आच्छादित पूल आहे का? रोझवूड, ओकुरा आणि सेंट रेजिसला तो आहे. पार्क हयातमधून मॉलमार्गे जाता येतं. बोट असेल तर ती किती मिनिटांनी सुटते, आणि शेवटची किती वाजता? तिसरा प्रश्न: शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, पावसात, टॅक्सीला किती वेळ लागतो? नकाशाच्या ॲपमध्ये निघण्याची वेळ बदलून हे पाहता येतं. संध्याकाळी पाच ते आठ या वेळात चारोएन क्रुंग रस्त्याचे आणि सातोर्नचे आकडे बघितले की बोटीचं मोल कळतं.

पेनिन्सुलाबद्दल एक गैरसमज आहे की ते 'पलीकडच्या काठावर' म्हणून अडचणीचं. बोट सतत असते, शिवाय २०२० च्या अखेरीस सुरू झालेल्या गोल्ड लाइनचं चारोएन नाखोन स्टेशन आयकॉनसियाम मॉलशी आहे आणि तिथून क्रुंग थोन बुरीला बीटीएस मिळते. उलट 'द सियाम'चं देखणेपण पाहून भुलणाऱ्यांनी त्याची जागा नीट पाहावी. ते राहायला सुंदर, पण रोज बाहेर पडणाऱ्याला लांब.

विमानतळाचा वेळ एकदाच जातो, त्याला फार वजन देऊ नका. सुवर्णभूमीपासून मध्यवर्ती भाग सुमारे ३० किलोमीटर. मीटर टॅक्सीला ५० बाट विमानतळ शुल्क आणि एक्स्प्रेसवेचा टोल वेगळा द्यावा लागतो, तरीही ती हॉटेलच्या लिमोझिनच्या कितीतरी पट स्वस्त पडते. एअरपोर्ट रेल लिंकने फाया थाईपर्यंत अर्ध्या तासात पोहोचता येतं, पण मोठ्या बॅगा घेऊन या दर्जाच्या हॉटेलात उतरणारे तिच्या वाटेला सहसा जात नाहीत.

६. परीक्षणं वाचायची पद्धत

सरासरी गुण पाहू नका. या पातळीवर सगळ्यांचेच दहापैकी ९ च्या आसपास असतात. परीक्षणं तारखेनुसार लावा, मागच्या सहा महिन्यांतली वाचा, आणि पाचपैकी तीन-चार गुण देणाऱ्यांवर जास्त भरवसा ठेवा. पाच देणारा खूश असतो, एक देणारा बहुधा परताव्यावरून भांडत असतो. मधला माणूस नेमकं सांगतो.

शोधायच्या गोष्टी: एकच तक्रार वेगवेगळ्या लोकांनी तीनदा केली आहे का? 'एसीचा आवाज', 'बाथरूमचा वास', 'न्याहारीला रांग', 'लिफ्टला वेळ' हे शब्द परत परत आले तर ती खरी उणीव. 'स्टाफ छान होता' याला बँकॉकमध्ये काही किंमत नाही, तो सगळीकडेच छान असतो. स्टाफने काय केलं हे लिहिलं असेल तरच ते मोजा. पाहुण्यांच्या फोटोंमध्ये शॉवरच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन, लाकडी फरशीच्या कडा आणि सोफ्याच्या हातांवरचं कापड बघा. देखभाल ढिली पडली की सगळ्यात आधी या तीन जागी दिसते.

व्यवस्थापनाची उत्तरंही वाचा. प्रत्येकाला तोच मजकूर चिकटवला असेल तर तक्रार केल्यावर तुमच्या वाट्यालाही तोच येणार. नुकत्याच उघडलेल्या हॉटेलाला सहा महिने जाऊ द्यावेत, कारण तोवर स्वयंपाकघर आणि हाउसकीपिंग यांचा मेळ बसलेला नसतो. भाव मात्र याच काळात सगळ्यात चांगले मिळतात, त्यामुळे जोखीम जाणूनबुजून घ्यायला हरकत नाही.

७. एक ई-मेल पाठवा

सेवेला घरबसल्या गुण देण्याचा हा एकमेव विश्वासार्ह मार्ग. उरलेल्या चार-पाच हॉटेलांना एकच मजकूर पाठवा, त्यात चार नेमके प्रश्न विचारा: अमुक प्रकारच्या खोल्या कोणत्या मजल्यांवर आहेत, आतलं दार नसलेली, लिफ्टपासून लांबची खोली मिळेल का, आमच्या तारखांना हॉटेलात किंवा शेजारी बांधकाम चालू आहे का, आणि शेवटची बोट किंवा शटल किती वाजता.

२४ तासांत, चारही प्रश्नांना मुद्देसूद उत्तर आलं तर दहापैकी नऊ. उत्तर आलं पण दोन प्रश्न गाळले तर सहा. 'आपल्या विनंतीची नोंद घेतली आहे' एवढंच आलं तर चार. बांधकामाबद्दल आपणहून खरं सांगणाऱ्या हॉटेलाला एक गुण जास्त द्या.

शाकाहारी असाल तर पाचवा प्रश्न खाण्याचा. 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर भाजी मिळते, पण तिच्यात नाम प्ला, म्हणजे माशांचा सॉस, किंवा कापी ही कोळंबीची पेस्ट असू शकते. थाई भाषेत 'जे' म्हटलं की मांस, मासे, अंडी, दूध, कांदा, लसूण सगळं वगळलेलं. 'मांग्सविरत' म्हटलं की दूध-अंडी चालतात. हॉटेलला हाच शब्द लिहून कळवा. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या शाकाहार उत्सवाच्या काळात शहरभर पिवळे झेंडे लागतात आणि 'जे' जेवण रस्त्यावरही सहज मिळतं. तेव्हा हा प्रश्न निम्मा सुटतो.

८. गुण आणि वजन

आता स्प्रेडशीट. पाच निकष पुरतात: जागा (म्हणजे हॉटेल कुठे आहे) ३०, खोली २५, सेवा २०, न्याहारी व जेवण १५, पूल व स्पा १०. एकूण १००. प्रत्येक निकषाला दहापैकी गुण द्या, वजनाने गुणा, बेरजेला दहाने भागा.

भाडं या बेरजेत घालू नका. घातलं तर मध्यम दर्जाचं स्वस्त हॉटेल आपोआप वर सरकतं आणि नक्की कशामुळे सरकलं ते कळत नाही. भाडं शेजारच्या स्तंभात ठेवा आणि दोन हॉटेलांमधल्या गुणांच्या फरकाला भाड्याच्या फरकाने तोला. एकाला ८२ गुण आणि २४,००० बाट, दुसऱ्याला ७८ गुण आणि १५,००० बाट असतील तर वरचा प्रत्येक गुण २,२५० बाटला पडतो. तो परवडतो का, हे स्प्रेडशीट सांगणार नाही.

वजनं किती नाजूक असतात ते पाहा. नदीकाठच्या हॉटेलला वरच्या क्रमाने ६, ९, ९, ८, ९ असे गुण आहेत. फ्लोएन चितमधल्या हॉटेलला ९, ८, ८, ७, ६. दोघांची बेरीज ७९.५, अगदी बरोबरी. आता जागेचं वजन ५ ने कमी करून पूल-स्पाला द्या: पहिलं ८१, दुसरं ७८. वजनात एवढ्याशा बदलाने तीन गुणांचा फरक पडतो, म्हणून तीन गुणांच्या आतला फरक हा फरक समजूच नये. तिथे बरोबरी माना आणि भाडं किंवा रद्द करण्याची मुदत पाहून निर्णय घ्या.

आणखी एक अट ठेवा: कोणत्याही निकषात पाचपेक्षा कमी गुण असतील तर ते हॉटेल यादीतून बाद, बेरीज कितीही असो. सरासरीत एक मोठी उणीव झाकली जाते, मुक्कामात झाकली जात नाही.

ऋतूप्रमाणे वजनं बदला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुखद असते, बाहेर फिरणं जास्त होतं, जागेचं वजन वाढवा. मात्र डिसेंबरनंतरच्या महिन्यांत हवेत बारीक धुलिकण वाढतात आणि उंच मजल्यावरच्या दृश्याचे पैसे कधी कधी धुरक्यात जातात. एप्रिलच्या उन्हात आणि १३ ते १५ तारखेच्या सोंगक्रान या थाई नववर्षाच्या सणातल्या पाण्यात पूल आणि खोली यांचं वजन वाढवणं शहाणपणाचं. पावसाळ्यात स्टेशनाला जोडणारा आच्छादित पूल सोन्याचा.

९. ही पद्धत लावून आमचा क्रम

हा मताचा भाग आहे आणि तो हेतूनुसार आहे, एकच यादी नाही.

नुसती खोली, शांतता आणि नदी यांवर गुण द्यायचे तर कॅपेला पहिलं. खोल्या कमी असल्याने सेवा व्यक्तिगत राहते. भाडंही तसंच, त्यामुळे हॉटेलातच बराच वेळ घालवणार असाल तरच ते वसूल होतं. त्याखालोखाल फोर सीझन्स. बार आणि जेवणात ते काकणभर पुढे, पण मोठं आणि गजबजलेलं.

परंपरा आणि सेवेची सवय यांत मँडरिन ओरिएंटलला तोड नाही. नव्या केलेल्या नदीकडच्या विंगमध्ये खोली मिळणार असेल तर ते पहिल्या तिघांत, नाहीतर नाही. 'ओरिएंटलला राहिलो' एवढ्यासाठी कोणतीही खोली घेणं पटत नाही.

भाड्याच्या मानाने नदीकाठावर सर्वांत चांगला सौदा पेनिन्सुला. प्रत्येक खोलीला नदी, दुपारी सावली, आणि भाव सहसा समोरच्या काठापेक्षा खाली. बजेट आणखी कमी असेल तर शांग्री-ला, कारण तिथून साफान ताक्सिन स्टेशन पायी आहे.

रेल्वेपट्ट्यात पार्क हयात आणि रोझवूड बरोबरीने. पहिल्याचं काम चोख आणि शांत, दुसऱ्यात सजावट आणि उबदारपणा जास्त. ओकुरा यांच्या खाली, पण २५ व्या मजल्यावरून बाहेर झेपावलेला स्विमिंग पूल आणि स्टेशनाला जोडणारा थेट पादचारी पूल पाहता त्याचं भाडं अनेकदा फारच वाजवी असतं. झाडी हवी असेल तर दुसित थानी, कारण खोल्या लुम्फिनी पार्ककडे तोंड करून आहेत आणि बीटीएस व मेट्रो दोन्ही जवळ. लहान मुलं असतील तर मैदान-बागेमुळे ते इतरांच्या वर जातं.

१०. बुकिंग आणि पहिली दहा मिनिटं

हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा, एजंटचा आणि बुकिंग संकेतस्थळाचा, असे तिन्ही भाव कर धरून पाहा. फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर थेट किंवा एजंटकडून घ्या. खोली बदलून द्यायची वेळ आली की तिसऱ्याच्या मार्फत आलेला पाहुणा रांगेत शेवटी असतो. ई-मेलमध्ये जे कबूल केलं ते बुकिंगच्या नोंदीत लिहायला सांगा आणि त्याची प्रत जवळ ठेवा.

चेक-इनला कार्डावर ठरावीक रक्कम रोखून धरतात. डेबिट कार्ड दिलं तर ती सुटायला कित्येक दिवस लागू शकतात, म्हणून क्रेडिट कार्ड द्या. खोलीत धूम्रपान केल्याचा दंड मोठा असतो, आणि दुरियान हे फळ आत आणायला बहुतेक ठिकाणी बंदी असते. वास गाद्यांत बसतो.

खोलीत शिरल्यावर बॅग उघडू नका. आधी एसी १८ वर लावून त्याचा आवाज ऐका. शॉवर दोन मिनिटं सोडून पाणी तुंबतं का पाहा. आतलं दार आहे का, खिडकीतून कबूल केलेलं दृश्य आहे का, पडदे पूर्ण अंधार करतात का, हे तपासा. काही खटकलं तर फोन न करता खाली रिसेप्शनवर जाऊन शांतपणे सांगा आणि ई-मेल दाखवा. दुपारी तीनच्या सुमारास त्याच प्रकारच्या दोन-तीन खोल्या बहुधा मोकळ्या असतात, संध्याकाळी सातनंतर त्या भरलेल्या असतात.